जंगलातल्या माउंटन बाइक ट्रेल सेंटरला पहिल्यांदा जाताना

रस्त्यावर सायकल चालवायची सवय असली की बारा किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पहिल्यांदा ट्रेल सेंटरला गेले तेव्हा नकाशाच्या फलकासमोर दोन मिनिटंसुद्धा न थांबता लाल, म्हणजे कठीण, वाट धरली. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास एका उतारावर वाटेला आडवं गेलेलं ओलं मूळ होतं. ते दिसताच घाबरून मी दोन्ही ब्रेक दाबले आणि पुढचं चाक साबणावरून सटकावं तसं सटकलं. काय झालं ते कळेपर्यंत मी वाटेखालच्या नेच्यांमध्ये पडले होते. मनगट सुजलं, हातमोजा तळहाताशी फाटला आणि उरलेलं अंतर सायकल ढकलत यावं लागलं. मागून येणारे दोघं थांबले. त्यांनी डोकं आपटलं का ते विचारलं, आज वार कोणता ते विचारून मी भानावर असल्याची खात्री केली आणि बाहेर पडायचा जवळचा रस्ता दाखवला.

त्या दिवशी मला जे माहीत असायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: पहिल्या भेटीत लांब वाट एकदा करण्यापेक्षा छोटी वाट तीनदा करा.

१. ट्रेल सेंटर म्हणजे काय, हे समजून घ्या

जंगलातली पायवाट माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडलेली असते. ट्रेल सेंटरची वाट आखून, खोदून, दगड-खडी दाबून सायकलसाठीच बांधलेली असते. ती एका सायकलपुरती अरुंद असते, म्हणून तिला सिंगलट्रॅक म्हणतात. एका ठिकाणाहून सुटते, फिरून तिथेच येते, आणि बहुतेक वेळा एकेरी असते. वळणावळणावर रंगीत बाणांचे खांब असतात. सुरुवातीच्या जागी वाहनतळ, नकाशाचा फलक, सायकल धुण्याची सोय आणि बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या सायकलींचं दुकान असतं.

ही कल्पना रुजली ती मुख्यतः वेल्समधल्या कोइद अ ब्रेनिन या जंगलात. नावाचा अर्थ 'राजाचं वन'. १९९०च्या दशकात तिथे दाविद डेव्हिस यांनी दगड वापरून अशा वाटा बांधल्या की पावसाळी हवेतही त्यांचा चिखल होऊ नये. पुढे दक्षिण स्कॉटलंडमध्ये 'सेव्हन स्टेन्स' नावाने सात सेंटरांची साखळी उभी राहिली. स्कॉट्स बोलीत स्टेन म्हणजे दगड, आणि त्या प्रत्येक ठिकाणी एक कोरलेला दगड ठेवलेला आहे.

वाट बांधलेली आहे याचा तुमच्यासाठी अर्थ असा की तिच्यातला प्रत्येक उंचवटा कुणीतरी विचार करून ठेवलेला आहे. दर काही अंतरावर वाट मध्येच जराशी वर चढते आणि पुन्हा उतरते. नवख्याला वाटतं ही मजेसाठी केलेली लाट आहे. मजा येतेच, पण तिचं खरं काम पावसाचं पाणी वाटेवरून खाली न पळवता बाजूला काढून देण्याचं आहे. हे एकदा लक्षात आलं की वाट कशी पुढे जाईल याचा अंदाज बांधता येऊ लागतो.

२. निघण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा

पहिली, वाट उघडी आहे का. ही जंगलं बहुधा लाकडासाठी लावलेली असतात. तोडणी सुरू झाली की वाटेचा एखादा तुकडा काही आठवडे बंद होतो किंवा वळवला जातो. मोठं वादळ झालं तर उन्मळलेली झाडं दूर होईपर्यंत सगळंच बंद असतं.

दुसरी, अंधार किती वाजता पडतो. दाट झाडीत उघड्यापेक्षा लवकर दिसेनासं होतं. शेवटची फेरी सूर्यास्ताच्या दोन तास आधी सुरू झालेली असावी, हा माझा नियम.

तिसरी, विमा. प्रवास विमा काढलेला असला तरी माउंटन बाइकिंग त्यात धरलेलं असेलच असं नाही. पुष्कळ विमापत्रांत ते धाडसी खेळांच्या यादीत टाकून वगळलेलं असतं. ही ओळ घरी शांतपणे वाचा.

३. सोबत काय असावं

कागदपत्रं आणि तत्सम:
- ओळखपत्र आणि अनामत रकमेसाठी कार्ड (सायकल भाड्याने घेणार असाल तर)
- आरक्षणाची पावती, विमापत्राचा क्रमांक
- रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, खिशात
- वाटेचा नकाशा, फोनमध्ये उतरवून घेतलेला. दरीत नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका.

अंगावर:
- हेल्मेट. युरोपीय मानकाचा क्रमांक ईएन १०७८ आतल्या चिकटपट्टीवर असतो.
- पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्यांची पॅड
- पारदर्शक काचेचा चष्मा. काळा नको. उन्हातून एकदम झाडीत शिरताना काळ्या चष्म्यातून दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि मुळं नेमकी तिथेच असतात.
- सपाट, पकड असलेल्या तळव्याचे बूट

पाठीवर:
- पाणी आणि खायला काहीतरी
- एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप
- मल्टीटूल, त्यात चेन तोडायचं हत्यार असलेलंच. सोबत चेनची जोडकडी.
- बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्टी
- वाऱ्या-पावसाचं पातळ जाकीट. पडून अर्धा तास बसावं लागलं तर घामाने भिजलेल्या अंगाला थंडी फार लवकर वाजते.

हेल्मेटबद्दल एक गोष्ट. आतला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी निकामी समजा. कुणी प्रेमाने जुनं हेल्मेट देऊ केलं तर ते कधी आपटलं आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

४. सायकल भाड्याने घेताना घाई करू नका

पहिल्या भेटीसाठी सायकल विकत घ्यायची गरज नाही. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल चुका पोटात घालते. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हलकी असते, चढाला बरी पडते आणि सोप्या वाटांना पुरेशी असते. उंची आणि वजन दोन्ही सांगा. वजन सांगायला लोक लाजतात, पण सस्पेन्शनमधली हवा त्यावरच भरतात. सस्पेन्शनच्या दांडीवर रबराची बारीक रिंग असते. पाठपिशवीसकट सायकलवर अलगद बसून उतरा आणि रिंग किती सरकली ते पाहा. सस्पेन्शन एकूण जितकं दबू शकतं त्याच्या साधारण पाव भाग किंवा किंचित जास्त सरकली असेल तर ठीक.

टायरमधली हवा हा नवख्यांचा नेहमीचा सापळा. रस्त्याच्या सायकलीत ८०-१०० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरणाऱ्याला माउंटन बाइकचा टायर दाबून बघितला की पंक्चर झाल्यासारखा वाटतो, आणि तो पंप शोधतो. भरू नका. साधारण ७० किलो वजनाला, ट्यूबलेस टायर असेल तर २२ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर थोडी जास्त हवी, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायर थोडा मऊ असला की तो खडबडीत जमिनीला धरून राहतो. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतो.

आणि ब्रेक. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे हे जागेवरच तपासा. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत डाव्या. डिस्क ब्रेक एका बोटाने लागतात, इतके तेज असतात. सवयीने चुकीचा हात जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. वाहनतळात पाच मिनिटं फिरून एकेक ब्रेक हळूहळू दाबून पाहा. त्याच पाच मिनिटांत गिअर बदलून बघा, आणि सीट खाली-वर करायचा खटका हँडलवर असेल तर तो अंगठ्याला पाठ होऊ द्या. उताराला सीट खाली, चढाला वर.

५. रंग वाचायला शिका

ब्रिटिश पद्धतीत हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल कठीण आणि काळा अतिकठीण. नारिंगी रंग बहुधा उड्या आणि मोठ्या बांधकामांच्या बाइक पार्कसाठी. उत्तर अमेरिकेत खुणा बर्फावरच्या स्कीइंगसारख्या आहेत: हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड, आणि त्यापुढे दोन काळे डायमंड. तिथे मधला लाल नाहीच. त्यामुळे एका देशात निळं जमलं म्हणून दुसऱ्या देशातलं निळं जमेलच असं धरून चालू नका. एकाच देशातही जुन्या सेंटरचा लाल आणि नव्याचा लाल यांत फरक सापडतो.

रंग हा अंतराचा किंवा दमाचा अंदाज नाही. तो मुख्यतः वाट किती अवघड आहे ते सांगतो: किती अरुंद, किती खडबडीत, उतार किती तीव्र, दगडी पायरी किती उंच. माझी चूक नेमकी इथे झाली. दम भरपूर होता, हात मात्र नवखे होते. तुमच्या मनात जो रंग आला असेल त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करा. रस्त्यावर कितीही अनुभव असला तरी हे तुम्हालाही लागू आहे.

काही अवघड वाटांच्या तोंडाशीच मुद्दाम एक कठीण अडथळा ठेवलेला असतो: दगडांचा ढीग, उंच पायरी किंवा अरुंद फळी. पुढे काय आहे त्याची ती चुणूक असते. तो अडथळा सायकलवरून पार होत नसेल तर तिथूनच परत फिरा. तो चालत ओलांडून पुढे जाणं म्हणजे दारावरची पाटी वाचून न वाचल्यासारखं करणं.

६. आधी सरावाच्या जागेवर अर्धा तास

बहुतेक सेंटरांत वाहनतळाजवळ सरावाचा छोटा भाग असतो. छोट्या पायऱ्या, लाटा, वळणं. शेजारी कधी पंप ट्रॅक असतो, म्हणजे पॅडल न मारता नुसतं अंग दाबून आणि हलकं करून लाटांवरून वेग घ्यायचा गोल मार्ग. मोठी माणसं ही जागा मुलांची समजून टाळतात. असं करू नका.

इथे फक्त उभं राहणं शिका. दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, वजन पायांवर, हात हलके. प्रत्येक ब्रेकवर एकेक बोट, नजर चाकासमोर नव्हे तर वाट जिथे वळते तिथे. खाली जाताना सीटवर बसलात तर प्रत्येक धक्का कण्याला लागतो. उभं राहिलात तर तो गुडघे गिळतात. दहा फेऱ्या मारून मांड्या भरून आल्या की समजा नीट उभे राहत होता.

७. एकच छोटी वाट, तीन फेऱ्या

आता वाटेवर. हिरवी किंवा निळी, पाच ते आठ किलोमीटरची असेल तर उत्तम.

पहिली फेरी बघण्याची. हव्या तितक्या वेळा थांबा. पुढचं दिसत नसेल अशा जागी वाटेच्या बाजूला उतरा, सायकल झाडाला टेकवा आणि चालत जाऊन बघून या. अनुभवी लोकही नव्या वाटेवर हे करतात. खांबांवर क्रमांक असतील तर अवघड जागांचे क्रमांक लक्षात ठेवा.

दुसरी फेरी रेघ शोधण्याची. वाट दीड फूट रुंद असली तरी तिच्यात चाकाला जायला चांगली आणि वाईट रेघ असते. मुळांना होता होईल तो काटकोनात ओलांडा. मुळाला समांतर गेलात की चाक त्याच्या अंगावरून घसरतं. आणि मुळावर असताना ब्रेक सोडलेला हवा. वेग त्याच्या आधी, कोरड्या मातीवर कमी करून घ्या. फिरणारं चाक मूळ ओलांडून जातं, अडवलेलं चाक त्यावरून सरकतं. मी पडले त्यामागे दुसरं काहीच नव्हतं.

वळणांचंही तसंच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा तिरका काठ उभारलेला असतो, त्याला बर्म म्हणतात. ब्रेक लावायचा तो बर्मच्या आधी. आत शिरल्यावर बोटं सैल, नजर वळणाच्या शेवटावर, सायकल काठाबरोबर कललेली. काठ तुम्हाला धरून ठेवतो. हे वाचून विश्वास बसत नाही. बसतो तो तिथे अंगाला जाणवल्यावरच.

चढाला घाई नको. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर लावून घ्या. जोर लावत असताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते, कधी तुटतेही. तीव्र चढावर सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि छाती हँडलकडे झुकवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही. जमलं नाही तर उतरून चाला, पण वाटेच्या कडेने.

तिसरी फेरी चालवण्याची. आता कुठे काय आहे ते माहीत आहे, त्यामुळे न थांबता जायचं. बहुतेकांना ट्रेल सेंटरची खरी गोडी याच फेरीत लागते. थकला असाल तर मात्र ती सोडून द्या. हात भरून आले, बोटं ब्रेकवर घट्ट आवळली जाऊ लागली की तो थांबायचा इशारा आहे.

८. वाटेवर तुम्ही एकटे नाही

एकेरी वाटेवर उलट जाऊ नका, एखादा तुकडा पुन्हा करायचा असला तरी. जंगलातल्या गाडीरस्त्याने चढून पुन्हा वरून या. थांबायचं असेल तर वाटेच्या पूर्ण बाहेर, आणि वळणाच्या लगेच पुढे किंवा उंचवट्याच्या पलीकडे कधीच नाही. मागून कुणी वेगाने आलं तर दचकून बाजूला उडी मारू नका, जागा मिळाली की द्या. थांबायची जबाबदारी मागच्याची असते.

गाडीरस्त्यांवर चालणारे लोक, घोडेस्वार आणि लाकूड वाहणारे ट्रक भेटतात. घोडा दिसला की वेग कमी करा आणि दुरूनच बोलून आपण आहोत हे कळवा.

तोडणीचा फलक लावून वाट बंद केलेली असेल तर यंत्राचा आवाज येत नसला तरी आत जाऊ नका. तोडणी यंत्राच्या करवतीची चेन तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि तो किती लांब जाईल ते सांगता येत नाही. रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर फोटोसाठी चढायचा मोहही टाळा. ते ढीग सुटतात.

डबकं दिसलं तर त्याच्या कडेने नवी वाट पाडू नका. सरळ त्यातून जा किंवा उतरून चाला. प्रत्येकाने कड धरली की दीड फुटाची वाट एका मोसमात तीन मीटरची होते आणि आजूबाजूची माती वाहून जाते.

९. पडलात तर

आधी वाटेच्या बाहेर या. तुम्ही हलू शकत नसाल तर सोबत्याला वाटेवर मागे, वळणाच्या अलीकडे उभं करून येणाऱ्यांना थांबवायला सांगा. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल, प्रकाश डोळ्यांत खुपत असेल किंवा मघाचं काही आठवत नसेल, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

मदत बोलावताना वाटेचं नाव आणि जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा. जंगलात दुसरा पत्ता नसतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ११२ हा क्रमांक चालतो, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुणाचं असेल तर त्यावरून लागतो. सिग्नल नसेल तर शक्यतो चढाच्या दिशेने जा. शक्यतो एकट्याने पहिली भेट करू नका. करणारच असाल तर किती वाजता परत येणार ते कुणाला तरी सांगून ठेवा.

१०. परत निघताना

सायकल धुवा, ती भाड्याची असली तरी. बूटही. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. झाडांचे रोग मातीबरोबर प्रवास करतात. फायटॉप्थोरा रामोरम नावाचा रोगकारक जीव २००९मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात लार्च या सूचिपर्णी झाडांवर सापडला. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशी असंख्य झाडं तोडावी लागली. टायरच्या खाचांत आणि बुटाच्या तळव्यांत अडकलेल्या मातीतून तो एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ शकतो. ज्या झाडांच्या सावलीत दिवस घालवला त्यांच्यासाठी दहा मिनिटं द्यायला हरकत नाही. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मधोमध आणि पॅडलच्या आसावर थेट मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. सायकल स्वतःची असेल तर चेन पुसून तेल लावा. लांब उतारानंतर ब्रेकच्या चकतीला लगेच हात लावू नका, बोट भाजतं.

घरी आल्यावर अंग नीट तपासा, विशेषतः गुडघ्यामागे, जांघेत आणि काखेत. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा जळती काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. काही प्रदेशांत गोचिडीपासून लाइम रोग होतो आणि वेळेत औषध घेतलं तर तो बरा होतो.

आणि झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहून ठेवा: कुठली वाट, कुठल्या खांबाजवळ अडलात, काय जमलं. पुढच्या वेळी फलकासमोर उभे राहाल तेव्हा याच ओळी कामाला येतात. मनगट बरं झाल्यावर मी पुन्हा गेले. त्या दिवसाच्या पानावर माझ्या वहीत एवढंच आहे: 'निळी वाट, तीन फेऱ्या. सातव्या खांबाजवळचं डावं वळण. ब्रेक सोडला, काठाने धरलं.'